लेसिक करताना डोळा मिटला तर?

चष्मा घालवायला निघालेल्या अनेकांची पहिली भीती हीच. पण पापण्या क्लिपने उघड्या धरलेल्या असतात. इंजेक्शन नसतं, फक्त बधिर करणारे थेंब. कॉर्नियावर पातळ पापुद्रा कापताना डोळ्यावर दाब येतो, काही सेकंद अंधारतं. हे आधी ठाऊक नसेल तर घाबरगुंडी उडते. मग १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर कॉर्नियाला आकार देतो. जळका वास येतो, पण डोळा भाजत नाही. लेझर रेणूंचे बंध तोडतो, त्याचा तो वास.

नंतर काही तास चुरचुर, पाणी. पापुद्र्याला टाके नसतात. झोपेत डोळा चोळला तर तो सरकू शकतो, म्हणून शील्ड लावूनच झोपा. कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती वलयं काही महिने राहू शकतात. दुखणं वाढलं किंवा अचानक धूसर दिसू लागलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.