बायोडेटात राहून गेलेलं

‘कोणकोणत्या भाषा येतात?’ असं नंदुरबार जिल्ह्यातल्या पोराला मुलाखतीत विचारा. ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ हे उत्तर ठरलेलं, आणि ‘इंग्रजी’ म्हणताना आवाज जरा खाली जाणार. प्रत्यक्षात धडगावकडचा हा मुलगा घरात पावरी बोलतो, बाजारात भिलीत निभावतो, अहिराणी त्याला समजते आणि आईबापांबरोबर ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेला असल्याने गुजरातीत भावही करतो. बायोडेटात यातलं काहीच नसतं. आरोग्य खात्याला, बचतगटांना कर्ज देणाऱ्या बँकेला, सुरतेच्या कापड व्यापाऱ्याला नेमका असाच माणूस हवा असतो. पण त्यांना तो कळणार कसा?

बँकेच्या नोकरीत मुलाखत मंडळावर बसायची वेळ माझ्यावर अनेकदा आली. निवृत्तीनंतर शहाद्याच्या एका अभ्यासिकेत रविवारी मुलांच्या सराव मुलाखती घेतो. आमच्या मुलांकडे उत्तरं नाहीत, असं मला कधीच वाटलं नाही. उत्तरं घरी ठेवून, दुसऱ्याच्या नोट्समधली वाक्यं घेऊन ती मुलाखतीला येतात, ही खरी अडचण आहे.

आधी मुलाखत कुठे असते ते पाहू. पोलीस आणि तलाठी भरतीत ती नाही. केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. बँकेत क्लार्कला नाही, अधिकारी पदाला आहे. यूपीएससीत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात आणि नियमात बसत असेल तर ती मराठीतून देता येते. याशिवाय कंत्राटी जागा, खासगी शाळा-रुग्णालयं, रोजगार मेळावे आणि चाकण-नाशिकचे कारखाने आहेतच. आमच्याकडच्या बहुतेकांचा पहिला सामना इथेच होतो.

पहिला प्रश्न बहुधा ‘स्वतःबद्दल सांगा.’ इथे नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, भावंडं आणि शेवटी ‘मला क्रिकेटची आवड आहे’ असं रेशनकार्ड वाचून दाखवलं जातं. ते सगळं अर्जात आहेच. दीड मिनिटात तीन गोष्टी सांगा: काय शिकलात, हाताने काय काम केलंत आणि या जागेशी त्याचा काय संबंध. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि समोरचा तिचीच वाट बघत असतो.

‘अडचणीच्या वेळी तुम्ही काय केलंत?’ या प्रश्नावर मात्र थांबायला हवं. परिचारिकेच्या जागेसाठी तयारी करणाऱ्या एका मुलीला मी तो विचारला. ‘मी कोणत्याही परिस्थितीत खचून जात नाही, सकारात्मक विचार करते,’ असं तिने धडाधड म्हणून टाकलं. मी विचारलं, सुटीत काय करायचीस? ती म्हणाली, मावशीबरोबर मिरचीच्या पथारीवर जायचे, देठ खुडायला. नंदुरबारची मिरची बाजारपेठ मोठी. ओली लाल मिरची आली की गावाबाहेरच्या पथाऱ्या लाल होतात, आणि त्यात अवकाळी पाऊस आला की सगळ्यांची धांदल उडते. असंच एकदा आभाळ भरून आलं. मुकादम जेवायला गेलेला. हिने बायकांच्या दोन टोळ्या केल्या. एका टोळीने ढीग करायचे, दुसरीने ताडपत्री ओढायची. सुरुवात वाळत आलेल्या मालापासून, कारण तो भिजला की काळा पडतो. त्याच दिवशी टाकलेली ओली मिरची थोडी थांबू शकते.

‘हे मुलाखतीत सांगायचं, सर?’ तिने विचारलं. म्हटलं, हेच सांगायचं. पाच पेशंट एकदम आले तर आधी कुणाकडे धावायचं हे ठरवणं, हे परिचारिकेचं अर्धं काम. ते तू पथारीवर करून आलीस.

मग तिने ते उत्तर चार तुकड्यांत बसवलं: प्रसंग काय होता, माझ्यावर काय येऊन पडलं, मी काय केलं, शेवटी काय झालं. कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात ही पद्धत ‘स्टार’ या नावाने ओळखतात. सारा जोर तिसऱ्या तुकड्यावर हवा. ‘आम्ही केलं’ म्हणायची आपल्याला सवय, एकट्याने श्रेय घेणं वाईट दिसतं. पण मंडळाला गुण एकालाच द्यायचे असतात. ‘बायका होत्याच, टोळ्या मी केल्या’ असं म्हटलं की त्यात बढाईही नाही आणि संकोचही नाही.

घडलेलं विचारण्यामागे कारण आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या संशोधकांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून गुण देण्याची मुलाखत ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज अधिक चांगला देते, असं त्यात दिसलं. अशा मुलाखतीत गोड बोलण्यापेक्षा नेमका प्रसंग जास्त चालतो. गोड बोलणं ज्यांना जमत नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

स्पर्धा परीक्षेच्या मंडळासमोर जिल्हा विचारला जातो. ‘नंदुरबार म्हणजे कुपोषणच ना?’ असा चिमटाही निघतो. तिथे चिडू नये, मान खालीही घालू नये. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत ६९ टक्के लोक आदिवासी, साक्षरता ६४ टक्के. आणि देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आमच्याच टेंभलीत दिलं गेलं. एवढं पाठ हवंच. त्यापुढे स्वतःच्या पाड्यावर पाहिलेलं एक उदाहरण जोडा: पावसाळ्यात अंगणवाडीपर्यंत आहार कसा पोचतो, किंवा का पोचत नाही. आकडे कुणीही सांगेल, ती वाट तुम्ही पाहिली आहे.

‘शिक्षणात एक वर्ष खंड का?’ याला पोरं घाबरतात आणि आजारपणाची थाप मारतात. पुढच्या प्रश्नाला ती थाप उघडी पडते. ‘दिवाळीनंतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेलो, होळीला परतलो, पुढच्या वर्षी परीक्षा दिली,’ या वाक्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? डॉ. राजेंद्र भारुड साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकले, पुढे डॉक्टर झाले, मग आयएएस होऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. आई मोहाची दारू विकून घर चालवायची, हे त्यांनी जगाला उघड सांगितलं. मात्र गरिबी सांगून दया मागू नये. काय घडलं ते एका वाक्यात, आपण काय केलं ते तीन वाक्यांत.

उरलेलं थोडक्यात. कमतरता विचारली तर ‘मी फार मेहनती आहे’ ही पळवाट नको. खरी कमतरता आणि तिच्यावर सध्या चाललेला उपाय सांगा. येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ म्हणा. अंदाज असेल तर तो अंदाज आहे असं सांगून मांडा. पगार विचारण्याआधी त्या जागेला बाजारात काय मिळतं याची चौकशी करून जा. ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ यावर पहिल्या तीन महिन्यांत काय काम असेल, ते विचारा.

आणि सराव आरशासमोर करू नका, आरसा मध्येच तोडत नाही. ‘मग काय झालं?’, ‘तूच केलंस कशावरून?’ असं विचारणारा मित्र समोर बसवा. वहीत पूर्ण उत्तरं लिहू नका. आपले पाच-सहा प्रसंग आठवा आणि प्रत्येकाला दोन शब्दांचं नाव द्या: ‘मिरचीची पथारी’, ‘वसतिगृहाची मेस’, ‘ऊसतोडीचं वर्ष’. प्रश्न कसाही फिरवून आला तरी यातला एखादा प्रसंग लागू पडतो. आणि जाण्याआधी बायोडेटा पुन्हा टाइप करा, भाषांच्या ओळीत पावरी लिहून.