परदेशी अंगणातील पणती

मुळशी तालुक्यातील लवळे हे डोंगराच्या कुशीतील गाव. सूस, नांदे, पिरंगुट यांच्या शेजारच्या या गावाच्या टेकडीवर आज सिंबायोसिसचे विद्यानगर उभे आहे. फ्लेम विद्यापीठही येथेच आहे. दिवाळी आली की येथील मुले घरोघर परततात. काही घरी मात्र अभ्यंगस्नानाचा एक पाट रिकामाच राहतो, कारण त्या घरचे मूल एका सत्रापुरते युरोपात शिकावयास गेलेले असते.

आमच्या स्नेह्यांची, लवळ्यास शिकणारी कन्या २०२३ साली अशीच जर्मनीतील ट्युबिंगेन या नेकर नदीकाठच्या लहानशा नगरात गेली. तेथील विद्यापीठाची स्थापना १४७७ सालची. हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च असे असते. म्हणजे दिवाळी नेमकी ऐन अभ्यासात येते. युरोपीय पद्धतीत एका पूर्ण सत्राचे तीस श्रेयांक मानले जातात, आणि ते येथील पदवीत धरले जावेत म्हणून दोन्ही विद्यापीठांशी आधीच लेखी ठरवून घ्यावे लागते. ही सारी व्यवस्था वडिलांनी पाहिली. आजींची चिंता मात्र निराळी होती. “पोरीच्या हातून दिवा तरी लागेल ना?” एवढेच त्या विचारीत.

ही चिंता जुनीच आहे. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे मानणारा काळ आपल्या पणजोबांनी पाहिला होता. १८८३ साली अमेरिकेस निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात आनंदीबाई जोशी यांनी, आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे निक्षून सांगितले होते. आज प्रायश्चित्त कोणी मागत नाही. परंतु आचार टिकविण्याचा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

त्या मुलीपुढेही तो उभा राहिला. वसतिगृहाच्या खोलीत उघडी ज्योत लावण्यास मनाई. छताला धुराची सूचना देणारे यंत्र. दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेण्यास बंदी असल्याने घरचे साजूक तूपही बरोबर नव्हते. त्या वर्षी नरकचतुर्दशी व लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १२ नोव्हेंबरला आले होते. आदल्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, जर्मनीत संत मार्टिनचा दिवस असतो. संध्याकाळी लहान मुले हाती कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने निघतात. ती मिरवणूक पाहून तिला धीर आला. वसतिगृहाच्या व्यवस्थापिका बाईंना ती म्हणाली, “आमचाही उद्या दिव्यांचाच सण आहे.” बाईंनी अंगणात, काचेच्या कंदिलात दिवा ठेवण्यास आनंदाने अनुमती दिली.

तेथील बिनमिठाचे लोणी कढवून तिने तूप केले, कापसाची वात वळली. घड्याळ आपल्याहून साडेचार तास मागे. पुण्यास लक्ष्मीपूजन झाले तेव्हा तेथे दुपार होती. पावणेपाचच्या सुमारास तेथे सूर्यास्त झाल्यावर तिने दिवा लावला. रात्री साडेनऊपर्यंत जागून आजींनी तो दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिला, आणि मगच त्या जेवावयास बसल्या.

ट्युबिंगेनचा आणखी एक ऋणानुबंध वाचकांनी जाणावा. अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची काश्मीरमधील भूर्जपत्रावरील पोथी तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहे. तेथीलच पंडित रुडोल्फ रोट यांनी ओटो ब्योटलिंक यांच्यासह सिद्ध केलेला संस्कृत-जर्मन महाकोश १८५५ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. आपली वेदविद्या आपल्या मुलीच्या कितीतरी आधी त्या गावी पाहुणी म्हणून राहिली आहे!

मात्र पाहुणचाराचे ऋण फेडावयाचे असते. डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली पुण्यात सिंबायोसिस स्थापिली, ती परदेशी विद्यार्थ्यांना येथे आपलेपणा लाभावा याच तळमळीने. आजही परदेशी मुले पुणे परिसरात शिकतात, आणि दिवाळीत सहाध्यायी घरी गेले की त्यांची वसतिगृहे ओस पडतात. आपल्या लेकीच्या पणतीस परक्या अंगणात जागा मिळाली, हे स्मरून यंदा अशा एखाद्या मुलास फराळास बोलवावे, अशी आमची विनंती आहे. रिकाम्या पाटावर कोणीतरी बसले, तर लक्ष्मी प्रसन्नच होईल.