पोरं मोबाइलवर असतात, पण करतात काय?

पालकसभेला आलात की तुमच्यातली एखादी हमखास म्हणते, "मॅडम, पोरगं दिवसभर मोबाइलात असतं. त्याला त्यातलं सगळं येतं बघा." दिवसभर असतं हे खरं. सगळं येतं का, त्यावर आज बोलू.

आम्ही दहावीच्या वर्गात एकदा फोन देऊन साधं काम सांगितलं. सेलूहून सकाळी नांदेडला जायला कोणती रेल्वे आहे आणि ती किती वाजता पोचते, एवढंच शोधायचं. रील लावायला ज्यांना डोळे उघडायचीही गरज नाही, ती पोरं इथं अडकली. एकानं नुसतं 'सेलू' टाकलं, तर वर्धा जिल्ह्यातलं सेलू निघालं. दुसरा रेल्वेचा व्हिडिओ बघत बसला. जमलं ते थोड्यांनाच, आणि त्यांतली एक मुलगी अशी, की तिच्या घरी फोन फक्त वडिलांकडे.

हे आपल्याच शाळेत आहे असं नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत 2023 साली गावाकडच्या 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींना हेच विचारलं. 26 राज्यांतले 28 जिल्हे होते, महाराष्ट्रातून शेजारचा नांदेड. देशभरात 100 पैकी जवळजवळ 90 जणांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांतल्या 90 जणांनी आठवडाभरात सोशल मीडिया पाहिला होता. पण पैसे भरणं, फॉर्म भरणं, तिकीट काढणं असं काम केलेले पावभरच. नकोशा माणसाला ब्लॉक कसं करायचं, हे निम्म्यांनाच ठाऊक.

म्हणजे पोरं इंटरनेट बघतात, पुढं ढकलतात, वापरतात कमी. समोर येईल ते बघायला डोकं लागत नाही, फोनच एकामागून एक वाढत जातो. शोधायला मात्र काय हवं ते नीट शब्दांत मांडावं लागतं, आलेल्या दहा उत्तरांतलं खरं कोणतं ते ठरवावं लागतं. ते कुणी शिकवलेलंच नाही. आम्हीसुद्धा नाही, हे कबूल करतो. शाळेत फोन दिसला की काढून घ्यायचा, एवढंच आम्ही वर्षानुवर्षं केलं.

2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. कॉलेजांची पसंती क्रमानं भरायची, एक ते दहा. आमच्या एका विद्यार्थिनीचा फॉर्म दुकानातून भरला, तर भरणाऱ्यानं मोबाइल नंबर स्वतःचाच टाकला. ओटीपी त्याच्याकडं, मेसेज त्याच्याकडं. लेकीला कॉलेज लागल्याचं कळलं तेव्हा मुदतीचा एकच दिवस उरला होता. तिच्या भावाकडं नवा फोन होता, पण फॉर्म उघडून बघावा असं त्याला सुचलं नाही.

आणि हा फोन बहुधा भावाकडंच असतो. त्याच पाहणीत, फोन चालवता येणाऱ्या मुलांपैकी 100 मागे सुमारे 44 जणांकडे स्वतःचा होता, मुलींपैकी जेमतेम 20 जणींकडे. "पोरगी बिघडेल" म्हणून आपण देत नाही. मग फॉर्मच्या दिवशी तिनं शिकावं कुठून?

फोन हिसकावून भांडण वाढतं, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यापेक्षा त्याला काम सांगा. फवारणीच्या आदल्या दिवशी म्हणा, "मेघदूत ॲप उघड, परभणीला पाऊस आहे का वाचून दाखव." त्यानं सांगितलं की विचारा, "हे कुठं लिहिलंय? तारीख कोणती?" तुम्हाला वाचता येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो. पुढच्या वेळी हेच काम लेकीला सांगा.

ब्लॉक कसं करतात तेही दोघांकडून करून घ्या. पैशांची फसवणूक झाली तर 1930 वर लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. हा नंबर भिंतीवर, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी खडूनं लिहून ठेवा.