अंड्यांच्या कप्प्यातली कुपी

आमच्या आत्तीच्या फ्रिजमध्ये एका पावसाळ्यात दोन पेप्टाइडं एकाच वेळी मुक्कामाला होती. एक मधल्या फळीवर, दह्याच्या पातेल्याला टेकून. ते टेरीपॅराटाइडचं पेन, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणलेलं, बॅच नंबर आणि मुदत छापलेलं. दुसरं दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी आणि तळाशी चिमूटभर पांढरी पूड. तिच्यावरच्या इंग्रजी लेबलाचा अर्थ एवढाच होता, की हे फक्त संशोधनासाठी आहे, माणसांनी वापरायचं नाही. पेन आत्तीचं, कुपी तिच्या नातवाची.

आत्ती सत्तरी ओलांडलेली, गंगावेशीजवळ राहणारी. जुन्या कोल्हापुरी बायकांसारखी अजून "मी येतो, मी जातो" असंच बोलते. पाण्याची घागर उचलताना तिच्या पाठीत कळ गेली. उसण भरली म्हणून आठ दिवस तिनं मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. एक्स-रे काढला तेव्हा मणका चेपलेला निघाला. नातू तालमीतला. सराव करताना त्याचा गुडघा फिरला आणि लिगामेंट अर्धवट फाटलं. दोघांनाही एकच हवं होतं, शरीर पुन्हा पहिल्यासारखं व्हायला. दोघांच्या सुईतली चीजही रसायनशास्त्राच्या हिशेबानं एकाच कुळातली. पण एकीच्या मागे शंभर वर्षांचं शास्त्र उभं होतं आणि दुसरीच्या मागे जिममधला एक ओळखीचा माणूस.

पेप्टाइड म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला गुजरीत जावं. कोल्हापुरी साजात परंपरेनं एकवीस पानं असतात. प्रत्येक पानाचा आकार वेगळा, आणि पटवेकरी ती ठरलेल्या क्रमानं गुंफतो. पेप्टाइडही असंच ओवलेलं असतं, फक्त पानांच्या जागी अमिनो आम्लं. साधारण पन्नासच्या आतली माळ असेल तर पेप्टाइड, त्याहून लांब झाली की प्रथिन, असा ढोबळ हिशेब. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं, म्हणजे बरोबर वेशीवरचं. त्याच्या दोन माळा असतात, एक तिसाची आणि दुसरी, योगायोग बघा, एकवीसाची. साजातलं एखादं पान इकडचं तिकडे झालं तर सोनार हळहळेल, एवढंच. इथे क्रम चुकला तर शरीराला निरोपच कळत नाही. कारण पेप्टाइड हे बहुतेक वेळा निरोप्याचं काम करतं. साखर उचल, हाड बांध, भूक आवर, असे निरोप.

पेप्टाइडचं औषध नवं नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं, तेव्हाच पेप्टाइडं दवाखान्यात शिरली. बाळंतपणात वापरतात ते ऑक्सिटोसिन अवघ्या नऊ अमिनो आम्लांचं. विन्सेंट डू व्हिनो यांनी ते १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं आणि दोन वर्षांनी नोबेल मिळवलं. १९६३ मध्ये ब्रूस मेरीफिल्ड यांनी प्लास्टिकच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल चढवत जायची रीत काढली. त्यानंतर हे पटवेकरीकाम यंत्रावर गेलं. आज कुणालाही हव्या त्या क्रमाची माळ गुंफून मिळते, हे त्या शोधाचं यश आहे आणि अंड्यांच्या कप्प्यातल्या कुपीचं मूळही तिथेच आहे.

आत्तीच्या पेनाची गोष्ट मला फार आवडते. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ८४ अमिनो आम्लांचं एक संप्रेरक सोडतात. ते दिवसरात्र जास्त प्रमाणात पाझरत राहिलं, तर हाडातलं कॅल्शियम ओढून काढतं आणि हाडं पोकळ करतं. पण त्याच संप्रेरकाचा पहिल्या ३४ अमिनो आम्लांचा तुकडा दिवसातून एकदाच टोचला आणि काही तासांत तो रक्तातून निघून गेला, तर उलटं घडतं. हाडं बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. वस्तादाला यात नवल वाटणार नाही. जोर-बैठका दिवसभर काढत राहिलं तर पैलवान मोडतो. पहाटे दमछाक आणि मग विश्रांती, म्हणून तर तो बनतो.

टेरीपॅराटाइड ते हेच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १६३७ स्त्रिया होत्या, सगळ्यांचे मणके आधीच चेपलेले. रोज २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांमध्ये मणक्याचं नवं फ्रॅक्चर होण्याचा धोका ६५ टक्क्यांनी घटला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. आता ते आपल्याकडेही बनतं आणि चिठ्ठीवर मिळतं.

पण औषध मिळणं आणि उपचार होणं, यात किती अंतर असतं ते आत्तीमुळे कळलं. आधी हाडांची घनता मोजली. मग रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचं काम. पूर्वी कधी किरणोपचार घेतलेत का, हाडाचा काही आजार होता का, ही विचारपूस. पहिलं इंजेक्शन खाटेवर बसूनच घ्यायचं, चक्कर येऊ शकते. पोटावर किंवा मांडीवर, जागा बदलत, रोज नवी सुई. पेन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत, फ्रीजरला चिकटवायचं नाही, आणि उघडल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी आत औषध उरलं असलं तरी टाकून द्यायचं. आत्तीला हे शेवटचं अजिबात पटलं नाही. "एवढं महागाचं, तळाला राहिलेलं टाकून देतो व्हय मी?" असं म्हणून तिनं पहिलं पेन चार दिवस जास्त चालवलं आणि सिस्टरचा ओरडा खाल्ला. शिवाय हा कोर्स दोन वर्षांचा. तो संपल्यावर हाड टिकवणारं दुसरं औषध लागलीच सुरू करावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड पुन्हा ओसरतं. या अखेरच्या अटीची रुग्णाला आठवण करून द्यायला कुणीतरी डोक्यावर असावं लागतं.

आता कुपीकडे येऊ. शरीरात बाहेरून बळ घालायची या गावाला हौस जुनीच. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून आले आणि त्यातून खासबाग कुस्ती मैदान उभं राहिलं. १९१२ पासून तिथल्या लाल मातीत किती जणांची पाठ लागली, त्याला गणती नाही. श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, तो कोल्हापूरच्या तालमींच्या भराचा काळ. तालमीत खुराक ही बाब वस्तादाच्या हातातली. बदाम किती, तूप किती, थंडाईत खसखस किती, आणि कुणाला आज काहीच द्यायचं नाही, हे तो ठरवी. गंगावेशीत अजूनही संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला उभ्या करून ग्लासात धार काढून देतात. त्या दुधातलं केसिन पोटात तुटतं तेव्हा त्याचीही पेप्टाइडंच होतात. पांढऱ्या रश्श्यात शिजून उतरलेलं जिलेटिन हीसुद्धा कोलॅजेनची तुटलेली माळ. हल्ली सुंदर डब्यात कोलॅजेन पेप्टाइडची पूड मिळते. मला तिच्यावर राग नाही, पण पोट तिला मटणासारखंच वागवतं आणि बारीक तुकडे करून टाकतं, हे घेणाऱ्याला माहीत असावं. याच कारणानं बहुतेक पेप्टाइड औषधं टोचावी लागतात. सेमाग्लूटाइडची गोळी निघाली आहे खरी, पण ती उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि तरी तिच्यातला एक टक्काही रक्तात पोचत नाही.

नातवाच्या कुपीत होतं बीपीसी-१५७. पंधरा अमिनो आम्लांची माळ, क्रोएशियातल्या झाग्रेबच्या संशोधकांनी पुढे आणलेली. उंदरांचे स्नायुबंध कापून त्यांनी ही टोचली, जखमा लवकर भरल्या, आणि तसे बरेच शोधनिबंध निघाले. माणसांवरच्या चाचण्या मात्र मोजक्या आणि अगदी लहान. किती घ्यावं, किती दिवस, दहा वर्षांनी काय होईल, याचं उत्तर कुणापाशी नाही. नव्या रक्तवाहिन्या फुटवणं हा तिचा गुण सांगतात, आणि नेमकी त्याचीच शंका डॉक्टरांना सतावते, कारण लपलेल्या गाठीलाही नव्या रक्तवाहिन्या हव्याच असतात. शिवाय कुपीत लेबलावरचंच आहे का, ते निर्जंतुक आहे का, हे तपासणारं कुणी नाही. पोराला विकणाऱ्यानं सुईचा आकार सांगितला, पाणी किती घालायचं सांगितलं. गुडघ्याचा एमआरआय पाहिला का, हे विचारलं नाही.

बीपीसी-१५७ वर जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेनं २०२२ पासून बंदी घातली आहे. त्याच्याच जोडीला विकलं जाणारं टीबी-५०० आणि वाढ-संप्रेरक जास्त सोडायला लावणारी इपामोरेलिनसारखी पेप्टाइडंही बंदीच्या यादीत आहेत. मधुमेह नसताना इन्सुलिन टोचून घेणंसुद्धा. आपल्याकडे उत्तेजकविरोधी कायदा २०२२ चा. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, "मला माहीत नव्हतं" हे चालत नाही, आणि बंदी चार वर्षांपर्यंत जाऊ शकते. कुस्तीगिराच्या आयुष्यातली चार वर्षं म्हणजे निम्मी कारकीर्द. कोल्हापूर-सांगलीकडे शस्त्रक्रियेत रक्तदाब वाढवायला वापरायचं मेफेंटरमाईन व्यायामासाठी टोचून घेणारी पोरं पोलिसांना सापडतात, त्यापुढे पेप्टाइडची कुपी सभ्यच वाटते. तिचा धोका इथेच आहे.

म्हातारपण लांबवायची दुकानदारी वेगळी. तिचं मूळ १९९० च्या एका अभ्यासात आहे. साठीपुढच्या बारा पुरुषांना सहा महिने वाढ-संप्रेरक दिलं, चरबी घटली, मांस वाढलं. लोकांनी त्याचा अर्थ तारुण्य परतलं असा घेतला. पुढच्या अभ्यासांत ताकद काही वाढली नाही. सांधे दुखले, पाय सुजले, साखर वर गेली. वय होणं हा आजार म्हणून कुठल्याही देशाच्या औषध नियंत्रकानं मान्य केलेला नाही, त्यामुळे "वय थोपवण्यासाठी मान्यताप्राप्त पेप्टाइड" असं कुणी म्हणालं की ते वाक्यच खोटं. "डॉक्टरांच्या देखरेखीखाली" असे शब्द जाहिरातीत असले, तरी आधी विचारावं की देखरेख कशाची. आजाराचं नाव काय, मोजणार काय, आणि थांबवणार कधी.

वजन उतरवणारी इंजेक्शनं याच घराण्यातली. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लूटाइड जूनमध्ये भारतात आलं, आणि लग्नाच्या पंगतीत त्यांची नावं ऐकू यायला लागली. मधुमेह आणि स्थूलपणा असलेल्यांना त्यांचा उपयोग मोठा. पण उतरलेल्या किलोंमध्ये चरबीबरोबर स्नायूही असतात. साठीनंतर स्नायू गेले की उठताना टेकू लागतो. म्हणून जाणता डॉक्टर इंजेक्शनबरोबर डाळ, अंडी आणि वजन उचलण्याचा व्यायाम लिहून देतो.

कुपी सापडली ती आत्तीलाच. अंडी ठेवताना. तिनं ती पदरात गुंडाळली आणि नातवासकट आपल्या हाडांच्या डॉक्टरांपुढे नेऊन ठेवली. त्यांनी लेबल वाचलं, पोराचा गुडघा दाबून पाहिला आणि तीन महिन्यांचे व्यायाम लिहून दिले. भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, टाचेखाली टॉवेल ठेवून मांडी आवळणं, असले. वस्तादांनी तोवर त्याला आखाड्याच्या हौदात पाय ठेवू दिला नाही. रोज सकाळी कडेला बसून दुसऱ्यांच्या कुस्त्या बघायच्या आणि माती उकरायची, एवढंच काम. पोरगा महिनाभर आत्तीशी बोलला नाही. पैलवान खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले आणि पुढे गुडघ्याच्या दुखापतीनं १९५६ च्या मेलबर्नला मुकले, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्यानं मान हलवली आणि मोबाइल काढला.

आत्तीचं सव्विसावं पेन या श्रावणात संपलं. त्यानंतर शिरेतून एक औषध दिलं, ते आता वर्षातून एकदा. हाडाच्या घनतेचा टी-स्कोअर उणे तीनच्या अलीकडे आला आहे, कमरेचा पट्टा सुटला आहे, घागर मात्र बंद. मधल्या फळीवरची पेनाची जागा रिकामी झाली, तेव्हा तिथे तिनं खर्ड्याची वाटी ठेवली. पोरगा आता खासबागेतल्या छोट्या जोडीच्या कुस्तीचं नाव घेतो, आणि सकाळी उठून सगळ्यात आधी फ्रिज उघडून अंडी मोजतो.