किडीचे नाव आणि राष्ट्रांचे सहकार्य

पिंपळगाव बसवंतच्या बाजारपेठेत टोमॅटोचा मोठा व्यापार चालतो. या पिकाच्या पानांवर पांढुरक्या रेषा उमटल्या की शेतकरी 'नागअळी' म्हणतो. शब्द समर्पक खरा. परंतु तो लक्षणाचा वाचक आहे, विशिष्ट किडीचा नव्हे. पान आतून पोखरणारी अळी माशीची असू शकते, तशी पतंगाचीही. माशीची अळी बहुधा नागमोडी रेषा काढते. 'टूटा ॲब्सोल्यूटा' या पतंगाची अळी रुंद चट्टे पाडते आणि फळातही शिरते. या पतंगाच्या मादीच्या गंधावर आधारलेल्या सापळ्यात त्याचेच नर सापडतात, माशी नव्हे. नावाचा घोटाळा झाला की उपाय व्यर्थ जातो.

राष्ट्रांच्या व्यवहारासही हेच लागू पडते. एडवर्ड मेरिक यांनी १९१७ मध्ये पेरूमधील नमुन्यावरून या पतंगाचे वर्णन केले. पुढे तो २००६ मध्ये स्पेनमध्ये व २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळला. दरम्यान त्याचे प्रजातिनाम अनेकदा बदलले. २०२१ मध्ये संशोधकांनी त्यास मेरिक यांच्या मूळ प्रजातीत परत नेले. मात्र 'ॲब्सोल्यूटा' हे पद टिकले आणि त्याच धाग्याने देशोदेशींच्या नोंदी जोडता आल्या. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारान्वये राष्ट्रे किडींची माहिती परस्परांस कळवितात; निश्चित नामावाचून ती निरुपयोगी ठरेल.

म्हणून 'नागअळी' हा शब्द टाकावा, असे नव्हे. धोक्याची पहिली सूचना तोच देतो. कृषिपत्रकांत त्याच्याशेजारी शास्त्रीय नामही छापले जावे, म्हणजे शेतातील सूचना जगाच्या ज्ञानाशी जोडली जाईल.