ओमनी आणि इको : वनपट्ट्यातील दोन जुन्या व्हॅन
२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तीन चतुर्थांशांच्या आसपास भूभाग वनाखाली असलेल्या या जिल्ह्याला रेल्वे दीर्घकाळ लाभली ती उत्तरेकडच्या वडसा स्थानकापुरतीच. त्यामुळे एटापल्ली, भामरागड किंवा सिरोंचा येथील माणसाचा दवाखाना, बाजार आणि लग्नकार्य हे सारे रस्त्यावर, म्हणजेच कुठल्यातरी गाडीवर, विसंबून राहिले. नवी मोठी गाडी ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, अशा कुटुंबांपुढे मारुतीच्या ओमनी आणि इको या दोन वापरलेल्या व्हॅनचा पर्याय असतो.

१९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेल्या आणि पुढे ओमनी या नावाने रूढ झालेल्या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या आसनांखाली बसवलेले असून ते मागची चाके फिरवते. आसन उचलले की इंजिन हाताशी येते, रचना साधी असल्याने तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही ते खोलू शकतो, आणि जेमतेम ३.३७ मीटर लांबीची ही गाडी आठवडी बाजाराच्या बोळातून सहज वळते. मात्र पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची मागची स्प्रिंग, रिकाम्या गाडीला खड्ड्यात चांगलेच उसळवतात, आणि चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात आसनाखालच्या इंजिनाची धग थेट चालकाला सोसावी लागते.

२०१० मध्ये आलेल्या इकोचेही इंजिन आसनांखालीच आहे. परंतु सुरुवातीच्या इकोत ते ११९६ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे असून त्याला चारऐवजी पाच गिअरांची जोड आहे. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर ओमनीत १.८४ मीटर, तर इकोत २.३५ मीटर असल्यामुळे भरलेली इको वेगात अधिक स्थिर राहते, आणि मागे पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंग असल्याने आजारी माणसाला हादरेही कमी बसतात.

दूरच्या दवाखान्याचा प्रवास नित्याचा असेल, तर जास्त पैसे मोजूनही इकोच घ्यावी. गाव ते बाजार एवढीच धाव असेल, तर ओमनी पुरेशी आहे. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र इकोवरही भिस्त ठेवता येत नाही. ओमनीत चालकाचे पाय आणि समोरची धडक यांत पातळ पत्र्याखेरीज फारसे काही नसते, तर इकोला आखूड नाक असूनही २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. ज्या रस्त्यांवर अंधारात रानडुक्कर किंवा चितळ अचानक आडवे येते, तेथे ही उणीव जिवावर बेतू शकते. म्हणून दोन्ही गाड्यांत रात्रीचा वेग मुद्दाम आवरावा लागतो.

खरेदीच्या वेळी रंगाच्या चकाकीपेक्षा पायांखालची चटई उचलून पाहणे अधिक मोलाचे ठरते, कारण पावसाळ्यात चिखल व ओल तिच्याखाली मुरून तळाचा पत्रा गंजतो. सरकत्या दाराची खालची पट्टीही बोटाने चाचपावी. तिच्यात धूळ आणि वंगण यांचा घट्ट लगदा साचला असेल, तर दार अडखळते आणि जोराने ओढून ओढून त्याची चाकेही झिजतात. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. सुरुवातीच्या वर्षांतल्या इकोही आता या मर्यादेला पोहोचल्या असल्याने, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर गृहीत धरूनच विक्रेत्याशी भाव ठरवावा.