चांदीच्या कुशीतला हायड्रोजन

दादरला पेढ्यावर चिकटवलेल्या वर्खाच्या कणभर तुकड्यातही चांदीचे अब्जावधी अणू असतात. पण अवघ्या १८ अणूंचा पुंजकाही करता येतो! चांदीच्या क्षाराच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड घातले, की त्यातून हायड्राइड, म्हणजे ऋणभारित हायड्रोजन मिळतो. सोबत ट्रायफेनिलफॉस्फिनचे वेष्टन नसेल, तर चांदी एकत्र येऊन नुसता काळा गाळ बसायचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका पुंजक्यात १८ चांदी, १६ हायड्राइड आणि १० फॉस्फिन होते. चांदीचा प्रत्येकी अधिक १, हायड्राइडचा उणे १. एकूण भार अधिक २.

पण हायड्राइड बसतात कुठे? क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. चांदीच्या ४६ पुढे हायड्राइडचे २ कसे दिसणार? न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रावरून विखुरतात. असे न्यूट्रॉन आपल्या मुंबईतच, तुर्भ्याच्या १९८५ सालच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत मिळतात.